क्रँक गेला, हे कानाने ठरवू नका

इंजिनाच्या पोटातून ठोका ऐकू आला की गॅरेजमध्ये निकाल लागायला वेळ लागत नाही : ‘क्रँक गेला.’ मग इंजिन उतरवले जाते, खर्चाचा मोठा आकडा सांगितला जातो आणि मालक मुकाट्याने मान डोलावतो. बिचाऱ्याने क्रँकशाफ्ट कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. खरे तर इंजिनातल्या सर्वांत दणकट भागांपैकी हा एक. तो आपणहून क्वचितच जातो. बहुतेक वेळा त्याला ऑइलची हेळसांड घालवते, नाहीतर अर्धवट दुरुस्ती. म्हणून या शाफ्टविषयी गॅरेजांत आणि गाडीमालकांत रुळलेले काही समज एकदा तपासून घेऊ.

आधी त्याचे काम

ओळखीचे उदाहरण घेऊ. किर्लोस्करांचे ‘एव्ही १’ हे एका सिलिंडरचे, ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन विहिरीवरच्या पंपाला आणि जनरेटरला जोडलेले अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिमी आणि पिस्टनची धाव ११० मिमी. क्रँकशाफ्टच्या मधल्या रेषेपासून क्रँक पिन ५५ मिमी बाजूला काढलेली असते. शाफ्ट अर्धा फिरला की पिस्टन त्याच्या दुप्पट, म्हणजे ११० मिमी सरकतो. वर-खाली होणाऱ्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर होते ते या ५५ मिमीच्या अंतरामुळे.

आता जोर पाहा. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब ६० बार धरला, तरी पिस्टनवर सुमारे ३ टनांचा रेटा येतो. तो कनेक्टिंग रॉडमधून थेट क्रँक पिनवर उतरतो. मिनिटाला १,५०० फेरे असतील, तर हा दणका मिनिटाला ७५० वेळा बसतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होते. उरलेल्या तीन स्ट्रोकना शाफ्ट फिरता ठेवण्याचे काम फ्लायव्हीलचे.

शाफ्ट ज्या गुळगुळीत भागांवर इंजिनात बसतो, ते मेन जर्नल. कनेक्टिंग रॉड जिथे पकडतो, ती क्रँक पिन. दोन्ही ठिकाणी सहसा अर्धगोल शेल बेअरिंग असतात. मेन जर्नलपासून क्रँक पिनपर्यंत शाफ्टच्या अंगातून तिरकी भोके पाडलेली असतात. पंपाने ढकललेले ऑइल त्यांतूनच रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते.

गैरसमज १ : इंजिन खालून वाजते, म्हणजे क्रँक गेला

वस्तुस्थिती : वाजतो तो बहुधा शेल आणि पिन यांच्यातला वाढलेला गाळा. आवाजाच्या स्वभावावरूनही बरेच कळते. थंड इंजिनात जोरात येणारा आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुतेकदा पिस्टनचा. ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढणारा, अ‍ॅक्सिलरेटर सोडता-धरताना स्पष्ट होणारा ठोका रॉडच्या बेअरिंगचा. लोडवर येणारा जड, खोल दणका मेन बेअरिंगचा. बारीक टिकटिक ऐकू येत असेल तर आधी टॅपेट तपासा. एकेका सिलिंडरचे इंधन किंवा स्पार्क क्षणभर तोडून पाहिला आणि ठोका मंदावला, तर त्याच सिलिंडरचा रॉड संशयित.

पण हा झाला संशय. निकाल द्यायचा तो मायक्रोमीटरने. प्रत्येक क्रँक पिनवर दोन जागी, आणि प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी माप घ्यायचे. समजा, एका दिशेने ५९.९८ मिमी आले आणि काटकोनात ५९.९३. म्हणजे पिन ०.०५ मिमी लंबगोल झाली आहे. दणका दर वेळी साधारण एकाच बाजूवर बसतो, म्हणून पिन सगळीकडून सारखी झिजत नाही. हा लंबगोलपणा किती चालेल, ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. माप मर्यादेत असेल तर क्रँक ठणठणीत आहे. गेले ते फक्त शेल.

गैरसमज २ : जाड ऑइल घातले की ठोका थांबतो

वस्तुस्थिती : ठोका दबतो, दुखणे तसेच राहते. चालत्या इंजिनात शाफ्ट शेलला जवळजवळ टेकतच नाही. फिरता शाफ्ट ऑइल स्वतःबरोबर ओढत नेतो, निमुळत्या फटीत दाब तयार होतो आणि काही मायक्रॉनच्या पापुद्र्यावर तो टनांचे ओझे पेलतो. ६० मिमीच्या जर्नलला साधारण ०.०४ ते ०.०८ मिमी एवढाच गाळा यासाठी ठेवलेला असतो.

पंप ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो अरुंद फटींच्या अडवणुकीतून. शेल झिजून फट रुंदावली की ऑइल सहज निसटते आणि दाबाचा काटा खाली येतो. जाड ऑइलने काटा थोडा वर सरकेल. पण सकाळी थंड इंजिन सुरू करताना तेच ऑइल शेवटच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि तेवढ्या वेळात धातू धातूवर घासतो. इंजिन गरम असताना ऑइलचा दिवा मिणमिणू लागला, तर गाडी तिथेच बंद करा. ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून चालवलेल्या त्या चार किलोमीटरांतच शेलचे काम क्रँकच्या कामात बदलते.

गैरसमज ३ : नवे शेल टाकले की झाले

वस्तुस्थिती : लंबगोल किंवा ओरखडलेल्या पिनवर नवे शेल फार टिकत नाहीत. जुना शेल काढल्यावर तो नीट पाहावा. तीन थरांच्या शेलमध्ये पाठीला पोलाद, मध्ये तांबेमिश्रित धातू आणि वर मऊ धातूचा अगदी पातळ, करडा थर असतो. करड्या पृष्ठभागातून तांबूस रंग डोकावू लागला, तर वरचा थर संपला. उभे-आडवे ओरखडे दिसले, तर ऑइलमध्ये कचरा होता. एकाच कडेला झीज असेल, तर रॉड वाकलेला असू शकतो. शेल का गेला हे शेलवरच लिहिलेले असते, आणि नेमका तोच सगळ्यात आधी भंगारात टाकला जातो.

दुसरा जुगाड म्हणजे ढिल्या शेलखाली पातळ पत्रा किंवा कागद घालणे, नाहीतर बेअरिंगची कॅप कानशीने घासणे. असे केले की शेलची पाठ घराला पूर्ण टेकत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि गोल भोक गोल राहत नाही. अशा बेअरिंगचा भरवसा धरू नये.

गैरसमज ४ : एकदा ग्राइंड केलेला क्रँक कमजोर होतो

वस्तुस्थिती : अनेक इंजिनांसाठी कंपन्याच ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अंडरसाइजचे शेल बनवतात. म्हणजे क्रँक तेवढा घासला जाईल हे मुळातच धरलेले असते. पाव मिलिमीटरने त्याची ताकद लक्षात येण्याइतकी घटत नाही.

बिघडते ते तीन ठिकाणी. पहिले म्हणजे कडकपणा. इंडक्शन हार्डनिंग केलेला थर काही मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे घासूनही तो उरतो. नायट्रायडिंग या दुसऱ्या पद्धतीने कडक केलेला थर त्याहून फार पातळ असतो. तो घासला गेला तर पुन्हा नायट्रायडिंग करावे लागते. काही इंजिनांना तर ग्राइंडिंगची परवानगीच नसते. मॅन्युअल न पाहता शाफ्ट मशीनवर चढवू नये तो यासाठी.

दुसरे ठिकाण म्हणजे जर्नलच्या कडेची गोलाई, तिला फिलेट म्हणतात. ग्राइंडिंगच्या चाकाचा कोपरा नीट गोल केलेला नसेल, तर गोलाईच्या जागी टोकदार कोपरा तयार होतो. पुढच्या तड्याची सुरुवात तिथूनच.

तिसरे, ऑइलची भोके. ग्राइंडिंगची बारीक धूळ या तिरक्या भोकांत जाऊन बसते. प्लग काढून, आत ब्रश फिरवून, धुऊन, हवा मारून ती साफ केली नाहीत, तर पहिल्याच स्टार्टला ती धूळ नव्या शेलमध्ये शिरते.

गैरसमज ५ : क्रँक तुटला, म्हणजे माल खराब होता किंवा अचानक लोड आला

वस्तुस्थिती : बहुतेक क्रँक थकून तुटतात. तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, इथेही तसेच. आपले पंपाचे इंजिन तासाला ४५,००० दणके खाते. रोज आठ तास चालले, तर तीन दिवसांत दहा लाखांचा आकडा पार. फिलेटवर किंवा ऑइलच्या भोकाच्या काठावर केसासारखा तडा पडला, की प्रत्येक दणक्याने तो कणभर पुढे सरकतो. तुटलेला तुकडा उजेडात धरला तर हे दिसते : एका भागावर गुळगुळीत, वलयांसारख्या रेषा, आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. गुळगुळीत भाग कित्येक दिवस हळूहळू फाटत होता. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटला.

म्हणूनच ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर चुंबकीय कणांची तपासणी करून तडे शोधतात. तडा सापडला तर शाफ्ट बाद. तड्यावर वेल्डिंग भरून वर ग्राइंडिंग केले, की तो दिसेनासा होतो एवढेच. उलट वेल्डिंगच्या उष्णतेने बाजूचा धातू बिघडतो.

पुढची पुली हेही एक दुर्लक्षित कारण. अनेक गाड्यांत ती नुसती पट्ट्याची पुली नसते. तिच्यातला रबरी थर शाफ्टच्या पिळाची कंपने शोषतो. रबर सुटलेली पुली तशीच चालवत ठेवली, तर ती कंपने शाफ्टला सोसावी लागतात.

गैरसमज ६ : पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहावी

वस्तुस्थिती : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तेव्हापासून जवळपास दर पावसाळ्यात कुठे ना कुठे हा प्रश्न उभा राहतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ‘एव्ही १’ ची क्षमता ५५३ घन सेंमी आणि दाबाचे गुणोत्तर साधारण १६.५ धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ३६ मिलिलिटर जागा उरते. त्याहून जास्त पाणी आत असेल, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. अशा वेळी पहिला बळी बहुधा कनेक्टिंग रॉडचा जातो; तो वाकतो. क्रँकचे नुकसान त्याच्या मागोमाग होते. गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली फिरवू नका, टो करून न्या.

गैरसमज ७ : स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा कोड आला, आता इंजिन उघडा

वस्तुस्थिती : पी ०३३५ हा कोड सेन्सरच्या सर्किटविषयी बोलतो. दात असलेल्या चाकाजवळ बसलेला हा सेन्सर शाफ्टची जागा आणि वेग संगणकाला कळवतो. अनेक गाड्यांत त्या चाकावर ६० दातांची जागा असून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरा कुठून सुरू झाला ते कळते. वायर तुटली, कनेक्टरमध्ये पाणी गेले, सेन्सर गरम होऊन बंद पडला, तरी हाच कोड येतो. अशा वेळी इंजिन उघडण्याची गरज नसते.

काम देण्याआधी

गॅरेजमध्ये चार गोष्टी विचारा. प्रत्येक पिनचे आणि जर्नलचे माप कागदावर लिहून मागा. कोणत्या साइजचे शेल बसवणार ते विचारा; अंडरसाइजचा आकडा शेलच्या पाठीवर असतो, तो पाहून घ्या. तड्यांची तपासणी झाली का आणि ऑइलची भोके प्लग काढून साफ केली का, तेही विचारा. आणि शेवटचे : मुळात बेअरिंग का गेले? ऑइल कमी होते, पंप कमजोर होता, की फिल्टर तुंबला होता? याचे उत्तर न शोधता बसवलेला नवा क्रँकही त्याच वाटेने जाईल. काम चांगले जाणणारा मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. मापाचा कागद हातात येईपर्यंत नव्या क्रँकसाठी पैसे मोजू नका.