पुणेकर, पडदा आणि भरवसा

पुण्यात संगणकाचे स्वागत झाले ते मुख्यतः नोकरीच्या आशेने. १९८८ मध्ये सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना येथे झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यावर भारतीयांनी स्वतःचा घडवला, याचा या शहराला आजही रास्त अभिमान आहे. सामान्य घरांचे संगणकाशी नाते मात्र जुळले ते एका प्रमाणपत्रामुळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम आणला, सरकारी नोकरीसाठी तो मागितला जाऊ लागला आणि दहावी-बारावीच्या सुट्टीत ‘एमएस-सीआयटी उरकून घे’ असे घरोघरी मुलांना सांगितले जाऊ लागले. त्याआधी बँका आणि विमा कंपन्यांतील कामगार संघटनांनी यंत्रे माणसांच्या नोकऱ्या खातील म्हणून संगणकाला विरोध केला होता. हिंजवडीत आयटी कंपन्या उभ्या राहू लागल्या तसा तो आवाज मागे पडला.

पुढच्या काळात वापर वाढतच गेला, पण त्या पहिल्या विश्वासाला तडे गेले. तडे का गेले याचे उत्तर यंत्रात शोधून सापडत नाही. चूक झाली, नुकसान झाले, तर दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, हे त्याचे खरे कारण दिसते.

पहिला मोठा धक्का ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल मीडियाच्या काळातला. २००६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुण्यात निदर्शने झाली. पुढच्या वर्षी अशाच एका प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. त्याने सुमारे ५० दिवस तुरुंगात काढले. नंतर उघड झाले की इंटरनेट कंपनीने पोलिसांना दिलेला तपशीलच चुकीचा होता. तो मजकूर त्या माणसाचा नव्हताच. आयपी पत्ता म्हणजे गुन्हेगाराच्या घराचा दरवाजा, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. त्या आकड्यामागची नोंद कोणीतरी माणूसच काढून देतो आणि तोही चुकतो, हे या प्रकरणाने दाखवले. या घटनेची चर्चा जेवढी व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

२ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये घडले ते याहून भयंकर. फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर महाराजांची आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रे फिरली, शहरात बसगाड्यांवर दगडफेक झाली आणि सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुण मुस्लिम आयटी कर्मचाऱ्याला जमावाने ठार केले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. हडपसरच्या घटनेनंतर चार वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या, व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. ‘आला तसा पुढे पाठवला आहे’ ही तळटीप तरीही टिकून आहे. ती लिहिणाऱ्याला वाटते की आपली जबाबदारी संपली. सोशल मीडियाविषयीच्या आपल्या वृत्तीतला सर्वांत घातक भाग तोच आहे.

पैशाच्या बाबतीत भीती वेगळ्या वाटेने आली. १९०६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. ११ तारखेला २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रकमा काढल्या गेल्या, १३ तारखेला हाँगकाँगमधील एका खात्यात पैसे वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ठेवीदारांच्या खात्यांना झळ लागली नाही, बँकही उभी राहिली, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. म्हणूनच लोकांचा बँकेवरचा भरवसा फारसा ढळला नाही. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये हे कवच नसते. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचे भासवणारे लोक व्हिडिओ कॉलवर धमकावतात आणि माणूस घाबरून स्वतःच्याच हाताने पैसे पाठवतो. पुण्यात याची झळ विशेष, कारण येथे निवृत्त ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने आहेत आणि अनेकांची मुले परदेशात आहेत. नातवंडांचा चेहरा रोज दाखवणारा तोच फोन ठकालाही घरात घेतो. फसवणूक कळताच १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते आणि तिथे वेळेला फार महत्त्व असते. लाजेपोटी मुलांनाही न सांगणारे आई-वडील हीच वेळ गमावतात.

रिक्षाचालकांचा राग सरळ पोटाशी जोडलेला आहे. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अॅपवरून मिळणाऱ्या बाइक टॅक्सीविरोधात पुण्यात रिक्षा बंद राहिल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनापरवाना सेवा थांबवायला लावली. प्रवासी मात्र अॅपला सरावले होते, कारण त्यांना रिक्षावाल्यांचे नकार आणि भाड्याची घासाघीस ठाऊक होती. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

सोशल मीडियाने पुण्याला बळही दिले. वेताळ टेकडीवरचा नियोजित रस्ता आणि नदीकाठची वृक्षतोड यांविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये हजारो माणसे रस्त्यावर आली, त्यात फोनवरच्या निरोपांचा वाटा होता. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाल्यावर उसळलेला संताप मुख्यतः पडद्यावरून पसरला. तपासाला वेग आला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. त्याच लाटेत आरोपीच्या नावाने एक रॅप व्हिडिओही फिरला आणि तो त्याचा नसल्याचे नंतर कळले. मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश देताना उच्च न्यायालयाने लोकक्षोभामुळे घाईने पावले उचलल्याचे नमूद केले. हा राग नसता तर रक्ताच्या नमुन्यांचे प्रकरण इतक्या लवकर उघडकीस आले असते का, ही शंका राहते. आणि त्याच रागाने सत्य-असत्य पारखले नाही, हेही तितकेच खरे.

बोलण्याच्या स्वातंत्र्याबाबत समाजाचे मत अजून दुभंगलेले आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्यातून सुरू झालेल्या न्यायालयीन लढ्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. तरी मे २०२५ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला इन्स्टाग्रामवरील मजकुरामुळे अटक झाली आणि महाविद्यालयानेही तिला काढून टाकले. तिने तो मजकूर लगेच हटवून माफी मागितली होती. उच्च न्यायालयाने जामीन देताना सरकारला आणि महाविद्यालयाला खडसावले, तिच्या परीक्षेची वाट मोकळी केली.

मुलांच्या हातातील फोनविषयी मात्र जवळपास एकमत आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा ठराव पाळला जाऊ लागला. गावात हे जमते कारण नियम सगळ्यांना सारखा असतो आणि मोठेही तो पाळतात. पुण्याच्या सोसायट्यांत आई-वडिलांचे कामच फोनवर चालते, शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो. तेथे प्रत्येक घर आपला नियम एकट्याने ठरवते आणि एकट्यानेच मोडते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे. ही संमती खरोखर पालकाने दिली की पोराने, हे तपासण्याचा भार कायद्याने कंपन्यांवर टाकला आहे.