चारशे दिवे, चारशे निर्णय

त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढची दीपमाळ उजळते, तेव्हा तिच्यावरचा प्रत्येक दिवा कुणाच्या तरी हातून लागलेला असतो. खाली रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या त्या खांबाच्या कोनाड्या-हातांवर एकेक पणती ठेवायची, तेल घालायचे, वात सारायची, पेटवायची. वाऱ्याने एखादी विझली तर ती पुन्हा लावायची का, हेही लावणाऱ्यानेच ठरवायचे. विजेच्या माळा आल्या आणि हे कष्ट संपले; त्यांच्याबरोबर ही निवडही संपली. एक बटण दाबले की शंभर दिवे एकदम लागतात, पण त्यांतला सदतिसावा तेवढा विझवायचा म्हटले तर ते जमत नाही. सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांत डिसेंबर उजाडला की चांदणी टांगली जाते, गोठा मांडला जातो, कुठे सुरूच्या फांदीवर माळ चढते. त्या माळेच्या जागी पिक्सेल दिव्यांचे, म्हणजे प्रत्येक दिवा वेगळा चालवता येईल असे, झाड घरी बनवता येते आणि त्याचा कार्यक्रमही स्वतः लिहिता येतो. त्याचे खरे मोल झगमगाटात नाही, दीपमाळ लावणाऱ्याकडे असलेली निवड ते परत देते यात आहे, असे मला वाटते. त्या निवडीत दिवा लावणे जेवढे येते, तेवढेच तो न लावणेही येते.

नाताळच्या झाडावर आधी मेणबत्त्या होत्या. सुकत चाललेल्या फांद्यांवर उघडी ज्योत म्हणजे बादली भरून शेजारी बसण्याचे काम. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांनी झाड सजवले. त्या दिव्यांची जोडणी हाताने केलेली होती आणि झाड फिरत असताना दिवे लागत-विझत. पुढे आपल्याकडेही घरोघर पोचली ती ‘सिरीज’: दिवे एकामागून एक जोडलेले, वीज एकातून दुसऱ्यात जाणारी. एक दिवा गेला की सगळी ओळ आंधळी. एलईडी आल्यावर माळ टिकाऊ झाली, पण तिच्या डबीतल्या सात-आठ चाली कारखान्यातच ठरून येतात. हवा तो रंग एकाच दिव्यातून काढायचा तर लाल आणि हिरव्याला निळ्याची जोड हवी होती. तेजस्वी निळा एलईडी घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पिक्सेलच्या बोंडात हे तिन्ही रंग आणि शेजारी एक बारीकशी चिप असते. सगळी करामत त्या चिपची.

ती समजायला पंगत आठवावी. वाढपी पत्रावळ्यांचा गठ्ठा पहिल्या माणसाच्या हाती देतो. तो आपली एक काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा पुढे सरकवतो. डब्ल्यूएस २८११ ही चिप नेमके हेच करते. कंट्रोलरकडून आकड्यांची रांग येते, पहिला पिक्सेल त्यातले पहिले २४ बिट ठेवून घेतो आणि बाकीचे पुढच्याकडे पाठवतो. लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी ८ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. तिन्हींच्या मेळातून १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा निघतात. हा निरोप सेकंदाला ८ लाख बिट या वेगाने जातो. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद लागतात आणि ४०० पिक्सेलना १२ मिलिसेकंद. म्हणजे झाडाचे रूप सेकंदात ऐंशीएक वेळा बदलता येते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, हे लक्षात घेतले तर हा वेग किती आहे ते कळेल. कुठल्याही दिव्यापर्यंत वेगळी तार ओढावी लागत नाही. पंगतीतली जागा हाच त्याचा पत्ता.

पत्ता ठरला तरी आकार हाताने घडवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे बरेचसे सामान सिंधुदुर्गात दारातच मिळते. माणगा बांबू भरीव आणि सरळ. त्याचा आठ-नऊ फुटी सोट मधोमध उभा करायचा आणि खाली बांबूच्याच कांबीचे कडे बांधायचे. वरच्या टोकापासून कड्यापर्यंत दोऱ्या ताणल्या की सुळका तयार. बाजारात ५० पिक्सेलची, दहा-दहा सेंटिमीटर अंतराची माळ सहज मिळते. अशी एक माळ २५ दिवे वर आणि २५ दिवे खाली नेली की आठ माळांत सोळा रांगा आणि ४०० दिवे होतात. इथे नांगरणीचे गणित लागते. बैल शेताच्या टोकाला जाऊन वळतो आणि पुढचे तास उलट्या दिशेने धरतो, तशीच ही माळ धावते. पहिल्या रांगेत १ खाली आणि २५ वर. दुसऱ्या रांगेत २६ वर आणि ५० खाली. म्हणून सर्वांत खालचे कडे उजळायचे तर १, २, ३ पेटवून चालत नाही. १, ५०, ५१, १००, १०१ असे ४०० पर्यंत जावे लागते. ज्याने ही यादी एकदा स्वतः मांडली, त्याला झाडावर खालून वर चढणारे उजेडाचे कडे काढता येते. दिवे वेडेवाकडे गुंडाळले असतील तर आणखी एक वाट आहे. मॅट पार्कर या गणितज्ञाने २०२० साली खऱ्या झाडावर ५०० दिवे गुंडाळले, एकेक पेटवून निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून प्रत्येक दिव्याचे त्रिमितीतले स्थान शोधले. कार्यक्रम लिहिण्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. ईएसपी-३२ नावाचा तळहाताएवढाही नसलेला कंट्रोलर आणि त्यावर चालणारी डब्ल्यूएलईडी ही मोफत प्रणाली एवढे पुरते. मोबाइलवरून ती चालवता येते. गाण्याच्या ठेक्यावर दिवे नाचवायचे असतील तर एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअरही मोफतच आहे.

विजेचा हिशेब मात्र आधी मांडावा. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ४०० पिक्सेल म्हणजे २४ अँपिअर, १२० वॉट. व्होल्ट कमी असले तरी एवढा प्रवाह बारीक तारेतून गेला तर तार तापते, म्हणून तारेची जाडी आणि फ्यूज यांत काटकसर करू नये. माळ लांबली की शेवटाकडे व्होल्टेज पडते. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून टोकाचा पांढरा रंग तांबूस दिसू लागतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक माळेच्या तोंडाशी वीज नव्याने पोचवणे. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात तांब्याचा उघडा सांधा बघता बघता हिरवा पडतो, तेव्हा प्रत्येक डाग नळीने आणि सिलिकॉनने बंद करायला हवा. २३० व्होल्टचा भाग पडवीच्या आत, कोरड्या जागी ठेवावा. अंगणात फक्त ५ व्होल्ट जावेत.

आता मूळ मुद्दा. हे १२० वॉट कधी लागतात? सगळे दिवे एकाच वेळी पांढरे आणि पूर्ण तेजात असतील तेव्हाच, आणि झाड सर्वांत कंटाळवाणे दिसते तेही तेव्हाच. सगळेच उजळले की आकार उरत नाही, चाल उरत नाही, उरतो तो पांढरा ढीग. चढणारे कडे दिसते, कारण त्याच्या वरचे आणि खालचे दिवे विझलेले असतात. शिवाय डोळा उजेड सरळ हिशेबाने मोजत नाही. निम्मा वाटणारा उजेड मिळवायला पूर्ण विजेचा जवळपास एक-पंचमांशच पुरतो. चारशेपैकी शंभर दिवे एकाच रंगात पेटलेले ठेवले तर साधारण १० वॉट लागतात, विझलेल्या चिपांचे एक-दोन वॉट वेगळे. रोज चार तास असे दहा दिवस चालवले तरी अर्ध्या युनिटच्या आसपास वीज होते. सगळे पांढरे ठेवले तर पाच युनिटच्या जवळ. सुंदर आणि काटकसरी या दोन्ही वाटा इथे एकाच दिशेला जातात, आणि हे केवळ प्रत्येक दिवा वेगळा विझवता येतो म्हणून.

या किनाऱ्यावर अंधाराला आणखी एक हक्कदार आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या नोव्हेंबर ते मार्च या काळात तांबळडेग, वायंगणी अशा पुळणींवर अंडी घालायला येतात. नाताळ नेमका त्याच दिवसांत येतो. उजेड असलेल्या किनाऱ्यावर मादी चढायला बिचकते. पिल्ले पुढे बहुधा रात्रीच वाळूतून बाहेर येतात आणि ज्या दिशेला क्षितिज उजळ तिकडे धावतात. निसर्गात ती दिशा समुद्राची असते. माणसाने मागे दिवे लावले की पिल्ले वस्तीकडे वळतात. लाल आणि अंबर रंगांचा त्रास पांढऱ्या-निळ्यापेक्षा कमी, पण तो शून्य नव्हे. पुळणीलगत झाड उभारू नये, हे तर झालेच. पण आत वाडीतसुद्धा समुद्राकडच्या रांगा शून्यावर ठेवणे, रंग अंबरकडे झुकवणे, ठरल्या वेळी सगळे विझवणे ही कामे साध्या माळेला येत नाहीत. पिक्सेलच्या झाडात ती चार ओळींत लिहिता येतात.

यावर आक्षेप येतील. बाजारात तयार माळ स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला? माळ स्वस्त आहे हे खरे, आणि या झाडाला काही हजार रुपये लागतात हेही खरे. पण तेच पिक्सेल सुळक्यावरून सोडवून गणपतीवर फळे टांगायच्या माटवीभोवती लावता येतात आणि दिवाळीत आकाशकंदिलातही बसतात. बदलावा लागतो तो फक्त कार्यक्रम. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हाताची कला जाऊन मुले पुन्हा पडद्यालाच चिकटतील. इथे कामाची वाटणी पाहावी. बांबू तासणे, दोऱ्या ताणणे, सांधे डागणे, कड्यांची यादी मांडणे यात जाणारा वेळ पडद्यापुढच्या वेळापेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि पडद्यावर लिहिलेली चूक अंगणात लगेच दिसते, कारण कडे तुटलेले दिसते. तिसरा आक्षेप परकेपणाचा. नाताळचे झाड जर्मनीतून जगभर गेले, तर सुरूही या किनाऱ्यावर बाहेरून आणूनच लावलेला आहे. आपलेपण वस्तूच्या मुळात शोधू नये. आपण तिच्यावर किती हात फिरवला त्यात ते असते. गणपतीची माटवी आपली, कारण तिच्यातले प्रत्येक फळ कुठे टांगायचे हे घरातले कुणीतरी ठरवते.

म्हणून घरी पिक्सेलचे झाड करणाऱ्याने कार्यक्रम शेवटाकडून लिहायला घ्यावा, असे मी सुचवेन. रात्री दहा वाजता वरचे कडे विझावे, मग त्याखालचे, असे उतरत उतरत खालच्या कड्यातला ४०० क्रमांकाचा दिवाही शून्यावर यावा. २४ तारखेला मध्यरात्रीच्या मिस्साहून माणसे परतेपर्यंत गोठ्यापुरते दहा-बारा दिवे मंद ठेवावेत. ती त्या रात्रीची गरज आहे. ही ओळ आधी लिहिली की बाकीचे दिवे कधी आणि कशासाठी लावायचे, हे ठरवणे सोपे जाते.