अज्ञातवासातील अर्थ : ‘कीचकवध’ आणि चिनी आंतरजाल

चीनमधील आंतरजालावरील नियंत्रणाविषयी पाश्चात्त्य लेखनात एक चित्र वारंवार आढळते : एका बाजूस सर्वसाक्षी शासन आणि दुसऱ्या बाजूस शब्दांच्या आडून त्यास चकविणारा नागरिक. हे चित्र असत्य नाही; परंतु ते अपुरे आहे. कोठे अपुरे आहे, हे मराठी नाट्येतिहासाच्या आधारे अधिक स्पष्ट होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथावस्तू विराटपर्वातील. नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नाही. तथापि कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे प्रेक्षकांस समजावून द्यावे लागत नव्हते. जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ही किल्ली इंग्रज वाचकांच्या हाती दिली. त्याच वर्षी मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली.

किल्ली खरी होती. मात्र तिने नाटक उघडले तितकेच संकुचितही केले. अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास अटळ होता. त्यामुळे युधिष्ठिराचा संयम हा केवळ भित्रेपणा ठरत नाही, आणि भीमाचा क्रोध निव्वळ अविचार ठरत नाही. हा नैतिक पेच ‘मवाळ’ व ‘जहाल’ या दोन शब्दांत मावत नाही.

चिनी भाषेत ‘सुसंवाद’ आणि ‘नदीतला खेकडा’ हे शब्द केवळ स्वरभेदाने निराळे होतात. ‘सुसंवादी समाज’ ही अधिकृत घोषणा झाल्यावर मजकूर पुसला जाणे म्हणजे ‘सुसंवादित होणे’, असे लोक उपहासाने म्हणू लागले. पुढे खेकडाच त्याचे चिन्ह बनला. २०१८ च्या सुमारास ‘मी टू’ या चळवळीसाठी तांदूळ (‘मी’) आणि ससा (‘तू’) ही जोडी वापरली गेली.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घेतला पाहिजे. ब्रिटिश शासनास मराठी मजकुरासाठी भाषांतरकाराची गरज होती. चिनी नियंत्रक लेखकाचाच भाषाबंधू आहे. त्याला श्लेष कळतो. श्लेष प्रथमतः अडवितो तो शब्द शोधणाऱ्या यंत्राला. शिवाय गॅरी किंग, जेनिफर पॅन व मार्गारेट रॉबर्ट्स यांच्या २०१३ मधील संशोधनानुसार शासनावरील टीका पुष्कळदा तशीच राहू दिली जाते. लोकांना सामूहिक कृतीसाठी एकत्र आणू शकणारा मजकूर मात्र प्रामुख्याने पुसला जातो. अर्थात प्रत्येक आडवळणी शब्द बंडाचा नसतो, आणि उघड टीका नेहमीच दडपली जात नाही. विनोद, सवय आणि परस्परांची ओळख पटविण्याचा आनंद हेही त्या शब्दांत असतात.

अप्रत्यक्ष भाषेचा अर्थ शब्दात नव्हे, तर तो जाणणाऱ्या समूहात वसतो. बाहेरून आलेल्या भाष्यकाराने तो उलगडताना दोन गोष्टींचे भान ठेवणे इष्ट : उलगडलेला अर्थ नियंत्रकही वाचतो, आणि सापडलेली किल्ली म्हणजे संपूर्ण घर नव्हे.