आवाज ओळखू येऊ नये म्हणून

गटातल्या एका ताईला घरातली मारहाण रेडिओवर सांगायची होती. अट एकच, डोंबिवलीत कुणी आवाज ओळखता कामा नये. संगणकावर आम्ही पट्टी उतरवली, तरी ऐकताना तीच वाटे!

पट्टी ठरते गळ्यातल्या स्वरतंतूंवर. पण आवाजाची ओळख घसा-तोंडाच्या पोकळीतही असते. एकाच सुरात 'आ' म्हणा, मग 'ई'. सूर तोच, घुमणं बदललं ना? त्या घुमण्याच्या जागा म्हणजे फॉर्मंट. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण वेगळं असतं. खाली नेलं की आवाज थोराड होतो, वर नेलं की पोरसवदा. बेतानंच फिरवा, नाहीतर शब्द कळत नाहीत.

बोलायची लकब मात्र तशीच राहते. शिवाय बटणं उलटी फिरवून जाणकार मूळ आवाजाच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून शेवटी ताईचे शब्द मीच वाचले.