पिस्तुलाची परीक्षा

आमच्या जामखेडची उन्हाळी धूळ बंद पेटीतल्या कपड्यांतही शिरते. मग पिस्तुलाची काय कथा! म्हणूनच पिस्तूल केवळ नेमावरून जोखू नये, असे मी म्हणतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात प्रत्येक बारानंतर रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आपोआप नळीत चढते. ते अडते नेमके इथेच! दोष बहुधा मॅगझिनच्या वाकलेल्या कडांचा, दमलेल्या स्प्रिंगचा, नाहीतर तेलात कालवलेल्या धुळीचा. १९११ साली अमेरिकन सैन्याने कोल्ट पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडून पाहिल्या. तापले की पाण्यात बुडवायचे, पुन्हा झाडायचे! ते एकदाही अडले नाही. पहिला बार कोणतेही पिस्तूल काढील. पहाऱ्यावरच्या शिपायाचा जीव मात्र दुसऱ्या बारावर टांगलेला असतो.