दाताची कॅप कधी बदलायची? दुखत नसली तरी वाचा

मागच्या भागात आपण रूट कॅनॉलबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा जो प्रश्न आला, तोच आज घेतेय: "डॉक्टर, दहा वर्षांपूर्वी कॅप बसवली होती, आता बदलायला हवी का?"

नुसती वर्षं मोजून याचं उत्तर देता येत नाही. साधारण १० ते १५ वर्षं टिकते असं आम्ही सांगतो खरं. पण २५ वर्षांची मेटलची कॅप घट्ट बसलेले आजोबाही माझ्याकडे येतात आणि चार वर्षांत काढावी लागलेली झिर्कोनियाची कॅपही मी पाहिली आहे. हल्ली कॅपबरोबर वॉरंटी कार्ड मिळतं. ते कॅपच्या मटेरियलचं असतं, खालच्या दाताचं नाही! मुदत संपली म्हणून चांगली कॅप काढू नका, आणि मुदत शिल्लक आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

मुळात कॅपला कीड लागत नाही. कीड लागते दाताला, आणि बहुतेक वेळा कॅपच्या कडेपाशी, हिरडीजवळ. तिथे कॅप आणि दात यांच्यामध्ये सिमेंटची बारीकशी रेघ असते. लाळ आणि चावण्याचा दाब यांनी ती हळूहळू झिजते. फट पडली की जंतू आत शिरतात. वरून कॅप चकाचक, आतून दात पोखरलेला.

आता खरी गोम इथे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कॅप रूट कॅनॉल केलेल्या दातांवर असतात. त्या दातात नस उरलेली नसते, मग कीड लागली तरी दुखणार कसं? म्हणून "दुखत नाही ना, मग राहू दे की" हे ऐकलं की मलाच धास्ती वाटते. अशा दाताचं दुखणं जाणवेपर्यंत कधी कधी जंतू मुळाच्या टोकाशी पोचलेले असतात आणि हिरडीवर पुळी आलेली असते. नस जिवंत असलेल्या दातावर कॅप असेल तर तो निदान ओरडतो तरी. गार पाण्याने कळ येते. ती कळ लगेच न जाता रेंगाळत असेल, तर उशीर करू नका.

मग लक्ष कशावर ठेवायचं? बदलावर. आधी अडकत नसे आणि आता रोज त्याच दाढेत पालेभाजीचा दोरा अडकतो. फ्लॉस फिरवला की नेमका तिथेच फाटतो किंवा त्याला वास येतो. बाकी हिरड्या ठणठणीत, पण एका कॅपभोवतीच रक्त येतं. घास चावताना कॅप किंचित हलल्यासारखी वाटते, किंवा तोंडात मधूनच वाईट चव उतरते. यातलं एक जरी नवीन दिसलं, तरी दाखवून घ्या.

एक्स-रे काढला की सगळं कळेल असं लोकांना वाटतं, पण मेटल आणि झिर्कोनियामधून एक्स-रे आरपार जात नाही. कॅपच्या पोटात काय चाललंय ते झाकलेलंच राहतं. दिसतात त्या दोन दातांमधल्या कडा, मुळं आणि हाड. म्हणून डॉक्टर बारीक टोकाच्या हत्याराने कॅपची कड चाचपून बघतात, ते तितकंच महत्त्वाचं असतं.

आता थोडी उलटी बाजू. पुढच्या दाताच्या कॅपखाली हिरडीजवळ काळी रेघ दिसते, तिला बरेच जण कीड समजतात. मेटल-सिरॅमिक कॅप असेल आणि हिरडी थोडी वर सरकली असेल, तर ती बहुधा आतल्या धातूची कड असते. डॉक्टरांनी बघून कड घट्ट आहे म्हटलं, तर प्रश्न फक्त दिसण्याचा. सिरॅमिकचा छोटा टवका उडाला तर पुष्कळदा पॉलिश करून किंवा फिलिंग भरून भागतं. मात्र चावून चावून कॅपला आरपार भोक पडलं, तडा गेला किंवा कड उघडी पडली, तर बदलायलाच हवी.

मी एवढी काटकसर का करते? प्रत्येक वेळी कॅप कापून काढताना दाताचा थोडा भाग जातोच. नवीन कॅपला धरायला हिरडीच्या वर सभोवती साधारण दीड ते दोन मिलिमीटर चांगला, टणक दात लागतो. तेवढा उरला नाही, तर कितीही महागडी कॅप आणा, ती टिकत नाही. मग दात काढा आणि इम्प्लांट किंवा ब्रिज करा, असा तो प्रवास. उगाच लवकर बदलण्यात तोटा आहे आणि फार उशिरा जाण्यात त्याहून मोठा.

संक्रांतीच्या सुमारास तिळगूळ आणि चिक्कीने कॅप निघालेले पेशंट हमखास येतात. कॅप निघाली म्हणजे बदलावीच लागते असं नाही. खालचा दात चांगला असेल तर तीच पुन्हा सिमेंटने बसते. निघालेली कॅप छोट्या डबीत ठेवा. फेविक्विक लावू नका आणि कॅप नुसती अडकवून झोपू नका, गिळली जाते. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जा. जास्त दिवस गेले तर शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप मग बसत नाही.

बदलायची ठरलीच, तर आधी विचारा: "खाली दात किती उरला असेल? कमी निघाला तर पुढे काय?" कॅप काढल्याशिवाय नक्की उत्तर कोणालाच देता येत नाही. पण खुर्चीत तोंड उघडं असताना दात काढायचा निर्णय घ्यायची वेळ येण्यापेक्षा हे बोलणं आधी झालेलं बरं.