गाळाची उलटतपासणी

समुद्राच्या तळात नळी रोवून गाळ काढला की हाती लांबलचक दंडगोल येतो. अभ्यासक त्याला गाभा म्हणतात. दक्षिण हिंदी महासागरातल्या अशा दोन गाभ्यांत साडेचार लाख वर्षांचं हवामान साठलेलं होतं. जेम्स हेज, जॉन इंब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी १९७६ साली त्यांतून तीन लयी वेगळ्या काढल्या: सुमारे १ लाख, ४२ हजार आणि २३ हजार वर्षांच्या. पृथ्वीची कक्षा कमी-अधिक लांबट होते, आसाचा कल २२.१ ते २४.५ अंशांत झुलतो आणि आसाची दिशाही सावकाश फिरत राहते. त्यांच्याच या लयी. सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी कितीतरी आधी कागदावर मांडलेला हिशेब गाळात उमटलेला दिसला.

ही नोंद असते फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांच्या चुनखडी कवचांत. हलक्या ऑक्सिजनचं पाणी सहज वाफ होतं. हिमयुगात ते जमिनीवर बर्फ होऊन अडकतं, समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि कवचांतही तेच उतरतं. प्रयोगशाळेत गाळ चाळणीवर धुऊन सुकवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने मिलिमीटरहून लहान कवचं एकेक करून वेचायची. तीही एकाच जातीची, कारण जात बदलली की आकडाही हलतो.

पण हा साक्षीदार सरळ बोलत नाही. तळावरचे किडे वरचा साधारण १० सेंटिमीटर गाळ सतत उकरत असतात. हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटर गाळ साचत असेल, तर ही तीन ते पाच हजार वर्षांची सरमिसळ झाली. २३ हजार वर्षांची लय त्यात बोथट होते, पण टिकते. अर्धाच सेंटिमीटर साचत असेल, तर ती जवळपास पुसली जाते. उलट पाकिस्तानलगतच्या अरबी समुद्रात काही खोलीवर प्राणवायू इतका कमी, की उकरणारे किडेच नाहीत. तिथे बारीक थर जसेच्या तसे राहतात. फार खोल पाण्यात कवचं विरघळतात, ती अडचण वेगळीच.

कधी अख्खा उतारच घसरतो. २०१५ साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने भारताच्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात छिद्रं पाडली. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे होते. गाभ्यांत सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीच्या ‘नटराज’ या महाकाय भूस्खलनाचा ढिगारा लागला, एके ठिकाणी ३०० मीटरहून जाड. एवढ्या जाडीचा सरळ हिशेब मांडला, तर एका घटनेची लाखो वर्षं होतील.

अवजारही निर्दोष नाही. कुलेनबर्ग या स्वीडिश संशोधकाने १९४०च्या दशकात नळीत दट्ट्या बसवला, म्हणून लांब गाभे मिळू लागले. पण त्याच्या ओढीने वरचा गाळ ताणला जातो. जहाजावरून एका वेळी साडेनऊ मीटर गाभा निघतो आणि दोन तुकड्यांच्या सांध्यात थोडा गाळ निसटतो. त्यामुळे शेजारी दुसरं, तिसरं छिद्र पाडून, खोली थोडी सरकवून, तुकडे जुळवावे लागतात.

सर्वांत नाजूक चूक मात्र अभ्यासकाच्या हातून होते. गाळाचं वय ठरवताना चढउतार कक्षेच्या गणिताशी जुळवून घेतले आणि मग त्यात कक्षेच्या लयी सापडल्या, तर सिद्ध काय झालं? म्हणूनच १९७६मध्ये तिघांनी आधी मोजक्या स्वतंत्र तारखांवर लयी तपासल्या आणि जुळवणी नंतर केली. या पद्धतीची खरी परीक्षा १९९०मध्ये झाली. पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं उलटलं ते ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वी, असं लाव्हाच्या खडकांवरून मानलं जाई. शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या गाभ्यावरून ७ लाख ८० हजार हा आकडा दिला. पुढे आर्गॉनच्या अधिक अचूक पद्धतीने खडक पुन्हा मोजले गेले, आणि दुरुस्ती खडकांच्याच वयात करावी लागली.